पक्की प्रत

कंपनीत तिला सगळे दुरुस्तीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. शीतगृहाच्या त्या इमारतीत यंत्रं दुरुस्त करायला फिटर होते, तारा जोडायला वायरमन होता, आणि पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी बसून लोकांची भाषा दुरुस्त करायला ही एकटी होती. बाहेर जाणारा कुठलाही कागद तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. तिचं लाल पेन कोणाची भीडभाड ठेवत नसे. मालकांचे वडील वारले तेव्हा मालकांनी स्वतः लिहिलेल्या शोकसंदेशात तिने पाच चुका काढल्या होत्या, आणि मालकांनी डोळे पुसता पुसता तिचे आभार मानले होते. बाई नाकावर माशी बसू देणार नाही, आणि बसलीच तर हाकलण्याआधी तिचं लिंग तपासेल, असं पॅकिंगवाले म्हणत.

कामाचे तिचे दोन नियम होते. पहिला असा की एकाच गोष्टीला सगळीकडे एकच शब्द, आणि एकच गोष्ट सांगायची तर एकच वाक्य. एका पत्रात 'गोदाम' आणि दुसऱ्यात 'कोठार' असं दिसलं की तिच्या डोक्यात तिडीक जाई. दुसरा नियम असा की पक्की प्रत झाली की कच्ची ठेवायची नाही. एका कामाचे दोन कागद राहिले की बाहेर नेमका चुकीचा जातो, हे तिने अनुभवाने ओळखलं होतं. म्हणून कच्चा कागद ती स्वतःच्या हाताने, कोपऱ्यातल्या कागद कापायच्या यंत्रात घाली. त्याच्या बारीक पट्ट्या होऊन खाली पडताना पाहिल्या की तिला बरं वाटे.

तिचा धाकटा भाऊ त्याच इमारतीत तळमजल्यावर यंत्रचालक होता. नोकरी तिनेच चिकटवून दिलेली. आई लवकर गेली, वडील कामानिमित्त कायम बाहेरगावी, तेव्हा त्याला वाढवला तो हिनेच, आणि वाढवता वाढवता दुरुस्तही केला. पोरगा बोलायला लागला की वाक्य शेपटीकडून सुरू करी. मधलं क्रियापद कुठेतरी हरवे, पुरुषाची बाई होई आणि बाईचा पुरुष. जेवताना घास तोंडाशी नेलेला असताना तो शाळेतलं काही सांगायला लागे, आणि ही म्हणे, "असं नाही. नीट म्हण." तो घास खाली ठेवून पुन्हा म्हणे. पुन्हा चुके. होता होता त्याने सांगणंच सोडून दिलं. निदान जेवण तरी गरम मिळावं म्हणून. तिला वाटलं, पोरगा सुधारला.

खाली यंत्रघरात मात्र त्याचं काही अडत नसे. तिथे कॉम्प्रेसरच्या घरघरीत निम्मं बोलणं हातवाऱ्यांनीच चालायचं. "ते वरचं, निळं, अर्धं," एवढं तो म्हणाला की समोरच्याला कुठलं चाक किती फिरवायचं ते कळे.

मग ती दुपार आली. तीन नंबरच्या थंड खोलीत अमोनियाच्या नळाचा सांधा सुटला. आत खोकी लावणारे मामा एकटेच होते. मामा म्हणजे कोणाचेच मामा नव्हेत, पण तिथल्या सगळ्यांचे होते. मालकसुद्धा त्यांना मामाच म्हणत. वायू सुटला की ठणाणा करणारा भोंगा त्या खोलीच्या दारावर होता. तो वाजला नाही. खाली नाकाला वास आला तेव्हा धाकट्याने धावत जाऊन मुख्य चाक आवळलं, तोंडाला ओला रुमाल बांधला आणि वर पळाला. मामा दारापर्यंत आले होते. दार उघडायचं तेवढं राहून गेलं.

भोंगा का वाजला नाही, हे खालच्या पोरासोरापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तो बिघडला होता आणि उगाचच केव्हाही कोकलायचा. नवा मागवायचा तर वर विचारावं लागणार, म्हणून मुकादमाने त्याची तार काढून टाकली होती. पण कंपनीने जे पहिलं निवेदन काढलं त्यात लिहिलं होतं की यंत्रचालकाने हलगर्जीपणाने भोंगा बंद ठेवला होता असे प्राथमिक चौकशीत आढळले. हे निवेदन दुरुस्तीबाईच्या टेबलावर आलं होतं. तिने ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम घातला, खाली सही केली आणि पुढे पाठवलं. जिन्याने उतरताना तिच्या ध्यानात आलं की यंत्रचालक म्हणजे आपला धाकटा. ती कठडा धरून तिथेच उभी राहिली. वाक्यात चूक नव्हती, म्हणून ते तिच्या हातून सुटलं होतं.

सरकारने चौकशी अधिकारी नेमला. त्याच्या एका सहीवर माणूस थेट पोलिसांच्या ताब्यात जाणार होता; सदोष मनुष्यवध, म्हणजे कित्येक वर्षांची कोठडी. धाकट्याच्या घरी बायको आणि पाळण्यातली मुलगी. आता सगळी भिस्त होती ती खाली काम करणाऱ्या माणसांच्या जबाबांवर. धाकटा धरून नऊ जण होते. कारकुनाने प्रत्येकाला समोर बसवून, तो जसा बोलला तसं उतरवून घेतलं होतं.

ते नऊ जबाब घेऊन प्रशासनप्रमुख स्वतः तिच्या टेबलाशी आले. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. त्याचं बोलणं इस्त्री करून घडी घातल्यासारखं, आणि असल्या माणसाचा भरवसा धरू नये एवढी अक्कल पॅकिंगवाल्यांनाही होती. हिला मात्र कंपनीत तो एकटाच नीट बोलणारा वाटायचा.

"बाई, हे साहेबांपुढे असंच्या असं जाणं बरं दिसणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही नजर फिरवा. मजकुराला हात लावायचा नाही. फक्त भाषा."

"सर, यात माझ्या भावाचाही जबाब आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आणले. दुसऱ्या कोणाला दिले तर उद्या तुम्हीच म्हणाल, शब्द फिरवले. तुम्ही काही त्याचं वाईट करणार नाही ना?"

"नाही."

"झालं तर मग," असं म्हणून त्यांनी गठ्ठा टेबलाच्या कडेशी समांतर लावून ठेवला.

ते गेल्यावर तिने एकेक कागद वाचला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. नऊच्या नऊ जणांनी मुकादमाचंच नाव घेतलं होतं. पण घेतलं होतं कसं, तर ज्याच्या त्याच्या तऱ्हेने. पॅकिंगवाला म्हणत होता की माझी चिकटपट्टी मुकादमाने तारेला गुंडाळायला घेतली ती अजून दिलेली नाही, नवी कोरी होती, तिचं कोण बघणार. लिफ्टवाल्याच्या जबाबात अर्धं पान त्याच्या दुखऱ्या दाढेबद्दल होतं. दाढ धरून तो त्या दाराशी टेकला होता म्हणून त्याने सगळं पाहिलं. ट्रक भरणाऱ्याने आधी मुकादमाला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या आणि मग मुद्द्यावर आला होता. आणि धाकट्याचा जबाब तर काय सांगावा. तो मधूनच सुरू होऊन मधेच संपला होता. 'ते स्टूल डुगडुगायचं, एक पाय, तर धरलेला मामा, वर मुकादम, अन् मामा हसला, आता झोप लागते म्हणे निवांत, तार हातात होती त्याच्या, मुकादमच्या.'

तिला भावाची लाज वाटली आणि माया आली, दोन्ही एकदमच. हे असं साहेबांपुढे गेलं तर ते हसतील, असं तिला वाटलं. या माणसांचं खरं आहे, फक्त त्यांना ते मांडता येत नाही. मग आपण आहोत कशाला?

तिने पदर खोचला म्हणा ना. दाढ काढली, चिकटपट्टी काढली, शिव्या तर पहिल्या झटक्यात काढल्या. स्टूल, त्याचा तोकडा पाय, मामांचं हसणं, सगळं अवांतर. उरलेलं सार तिने घोटून घोटून एका वाक्यात बसवलं: 'मुकादमांच्या सूचनेनुसार व माझ्या समक्ष भोंग्याची तार काढण्यात आली आणि ती पुन्हा जोडू नये असे आम्हांस सांगण्यात आले.' वाक्य कसं भिंतीसारखं उभं राहिलं. त्यात कुठे सुई शिरायला जागा नव्हती. गोष्ट एकच, तेव्हा वाक्यही एकच. तिने ते नऊच्या नऊ जबाबांत घातलं. पुढची-मागची वाक्यंही मग त्याच्या मापाने बेतावी लागली. आयुष्यात इतक्या मनापासून तिने कुठलंच काम केलं नव्हतं.

माणसं सह्या करायला आली तेव्हा थोडी बिचकली. पॅकिंगवाल्याने आपला जबाब बोट ठेवून वाचला आणि म्हणाला, "हे मी बोललो? झकासच बोललो की. पण माझ्या पट्टीचं यात काही नाही आलं."

"तिचा इथे संबंध नाही," ती म्हणाली.

"संबंध नाही कसा? घेतली ना त्याने."

"सही करा," ती म्हणाली, आणि त्याने केली. धाकटा शेवटी आला. त्याने ओठ हलवत सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, बहिणीकडे आदराने पाहिलं आणि सही केली. सगळे गेल्यावर तिने कच्चे कागद उचलले आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या यंत्रात घातले.

चौकशी कंपनीच्याच सभागृहात भरली. अधिकारी वयस्कर होते, शांत होते, ऐकून घेणारे वाटले. समोरच्या खुर्च्यांवर नऊ जण आंघोळी करून, केस चापून बसवून बसले होते. मुकादम दुसऱ्या बाजूला एकटा होता आणि मान खाली घालून नखं पाहत होता. दुरुस्तीबाई मागच्या रांगेत बसली. अधिकाऱ्यांनी पहिला जबाब मोठ्याने वाचला तेव्हा आपलं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून तिला, अशा प्रसंगीही, बरं वाटलं. दुसरा वाचला तेव्हा सभागृहात कोणीतरी खाकरलं. तिसरा वाचताना ते मधेच थांबले, दुसरा जबाब पुन्हा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. चौथ्यापासून त्यांनी मोठ्याने वाचणं सोडलं. ते नुसतेच कागद पुढे सरकवत गेले, आणि प्रत्येक कागदाचा टेबलावर घासल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत येत होता.

"लिफ्ट चालवणारे कोण?" त्यांनी विचारलं.

लिफ्टवाला उभा राहिला.

"आणि खोकी बांधणारे? हं. तुम्ही दोघं घरी एकत्र राहता का?"

"नाही साहेब. हा पार तिकडे, मी इकडे."

"मग दोघांना एकच वाक्य कसं सुचलं? शब्दाला शब्द. आणि तुम्हाला दोघांनाच नाही, नऊ जणांना." त्यांचा आवाज अजूनही शांतच होता. "मी इतकी वर्षं जबाब वाचतो आहे. दोन माणसं एकच अपघात पाहतात तेव्हा ती दोन गोष्टी सांगतात. इथे एकच गोष्ट नऊदा सांगितली आहे. ही शिकवलेली माणसं आहेत."

प्रशासनप्रमुख सावकाश उठले. "सर, आमच्याकडे पद्धत आहे. प्रत्येक कागदाची भाषा तपासून घेतो. तपासणाऱ्या बाई इथेच बसल्या आहेत." एवढंच बोलून ते खाली बसले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ती उभी राहिली. "साहेब, ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं मी शुद्ध केलं. अर्थ त्यांचाच आहे. एकही गोष्ट पदरची घातलेली नाही."

"काढलेली?"

"काढलं ते अवांतर होतं."

"मूळ जबाब कुठे आहेत?"

"नाहीत. पक्की प्रत झाली की आम्ही कच्ची ठेवत नाही."

"कोणी फाडले?"

"मी."

"या नऊ जणांत तुमच्या नात्याचं कोणी आहे का?"

तिने धाकट्याकडे पाहिलं. "सख्खा भाऊ आहे," ती म्हणाली.

तिची उत्तरं नेहमीप्रमाणे पूर्ण वाक्यांत, स्वच्छ होती, आणि प्रत्येक उत्तरासरशी भावाच्या गळ्याभोवतीचा फास एकेक पीळ आवळला जात होता. हे तिला कळत होतं. कळूनही दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं, कारण सगळं खरं होतं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "कागद बाजूला ठेवू," ते म्हणाले. "उद्या प्रत्येकाने इथे उभं राहून, आपापल्या भाषेत सांगायचं. मला शुद्ध भाषा नको आहे. चुका झाल्या तरी चालतील."

तिला वाटलं, देव पावला. धाकटा उद्या त्याच्या त्या मोडक्यातोडक्या बोलण्यात स्टुलाचं सांगेल, आणि हा शहाणा माणूस ते ऐकताक्षणी ओळखेल. असलं बोलणं कोणाला शिकवता येत नाही. पण ती जिन्यात पोचली तर खाली प्रशासनप्रमुख आठ जणांना घोळक्यात घेऊन उभे होते आणि काळजीच्या सुरात सांगत होते, "तुमच्या भल्याचं बोलतो. सही केलेल्या जबाबापासून शब्द हलला की ती खोटी साक्ष होते. मग तुम्हीही आत. पुढे तुम्ही जाणा." पॅकिंगवाल्याने वर तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्या घोळक्यात धाकटा नव्हता. तो मधल्या दाराने केव्हाच निघून गेला होता.

ती तशीच त्याच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, दार लोटलेलं. आतून त्याचा आवाज येत होता. तो खड्या आवाजात म्हणत होता, "मुकादमांच्या सूचनेनुसार व माझ्या समक्ष," आणि भावजय कागदावर बोट ठेवून म्हणत होती, "हं, पुढे."

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"आल्यापासून हेच," भावजय म्हणाली. "जेवायला बसा म्हटलं तर नको म्हणतात. ताई, तुम्हीच सांगा आता. चार घास तरी पोटात जाऊ देत."

तिने भावजयीच्या हातातला कागद काढून घेतला आणि पालथा घातला. धाकट्यासमोर ती बसली. "हे नाही म्हणायचं उद्या. तुझ्या भाषेत सांगायचं. साहेब म्हणाले ना?"

"साहेब म्हणतात," धाकटा म्हणाला. "पण मला जमत नाही ना ताई. चार माणसं आली की, ते आपलं, तोंडात गोळा होतो."

"होऊ दे. मला सांग बरं आता. तिथे काय झालं?"

त्याने बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग हात पुढे करून हवेत स्टूल धरल्यासारखं केलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "ते डुगडुगायचं, स्टूल. एक पाय त्याचा आखूड. मुकादम वर चढला तर म्हणाला धर रे. तर मामाच धरलं खाली बसून, दोन हातांनी, असं. अन् वरून तार ओढली. तर मामा हसला, म्हणे आता निवांत, अन् मी पण हसला ताई. मी पण हसला. मामा..."

"हसले," ती म्हणाली. "मामा हसले. गेलेल्या माणसाला अरेतुरे करू नये."

तिच्या तोंडून ते निघून गेलं. ती ऐकत होती, रडूही येत होतं, आणि तरी जीभ आपली कामाला लागली. हवेतले हात धाकट्याने हळूच मांडीवर ठेवले.

"नाही, नाही," ती घाईने म्हणाली. "तसंच बोल. तू म्हणालास तसंच. चांगलं होतं."

"मामा हसले," तो म्हणाला. "त्यांनी स्टूल धरलं होतं. बरोबर?"

"अरे, बरोबर-चूक राहू दे. पुढे काय झालं ते सांग."

पण पुढचं त्याला येईना. मग मोठ्या माणसाने लहानाची समजूत घालावी तसा तो बहिणीला म्हणाला, "ताई, स्टुलाचं तूच तर काढलंस ना? म्हणजे ते नकोच असणार."

"ते अवांतर म्हणून काढलं होतं. माझं चुकलं. तेच सांगायचं आहे उद्या. स्टूल, पाय, हसणं, सगळं. वचन दे मला."

"बरं," तो म्हणाला. त्याने वचन दिलं, कारण तिने मागितलं होतं. भावजयीने पानं वाढली. ती जिना उतरली तेव्हा वर पुन्हा काही ऐकू येतं का म्हणून खालच्या पायरीवर थांबली. कोणी काही बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ जण एकामागून एक उभे राहिले. अधिकारी विचारायचे, तुमच्या शब्दांत सांगा. माणूस चोरट्या नजरेने प्रशासनप्रमुखांकडे बघायचा आणि म्हणायचा, "लिहिलंय तेच साहेब. तसंच झालं." दाढ दुखणाऱ्या लिफ्टवाल्याने गालावर हात ठेवला होता, पण दाढेचं नाव काढलं नाही. पॅकिंगवाला जरा घुटमळला, "माझी एक पट्टी," इथवर आला, आणि मग "काही नाही, लिहिलंय तेच," म्हणून बसला. तोंडाला कुलूप लागणं म्हणजे काय, ते त्या सकाळी त्या सभागृहात दिसलं. राहता राहिला धाकटा.

तो उभा राहिला. अधिकारी थोडे पुढे झुकले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यावर अजून आशा होती. "घाबरू नका," ते म्हणाले. "मला तुमच्याकडून ऐकायचं आहे."

"ते स्टूल होतं," धाकटा म्हणाला. "डुगडुगायचं. एक पाय, म्हणजे, आखूड. तर मामा..."

कोपऱ्यात टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. "स्टुलाचा पाय आखूड की मामांचा? वाक्य पूर्ण करा हो, मला उतरवायचंय." त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, त्या आपलं काम करत होत्या. खुर्च्यांत कुणीतरी फिसकन हसलं.

धाकट्याने वळून मागे पाहिलं. मागच्या रांगेत बहीण पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसली होती. ती मनातल्या मनात म्हणत होती, थांबू नको, असाच बोलत राहा, आणि भीतीने तिच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या, ओठ आवळले गेले होते. लहानपणापासून ताटाच्या पलीकडे बसलेला हा चेहरा त्याने पाहिला होता. त्याचा अर्थ त्याला एकच ठाऊक होता.

तो पुन्हा समोर वळला. हात मागे बांधले, छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मुकादमांच्या सूचनेनुसार व माझ्या समक्ष भोंग्याची तार काढण्यात आली आणि ती पुन्हा जोडू नये असे आम्हांस सांगण्यात आले." मग त्याच्या पुढचं वाक्य म्हटलं, आणि त्याच्या पुढचं. पूर्ण जबाब. कुठे अडखळला नाही, कुठे पुरुषाची बाई झाली नाही. टाईप करणाऱ्या बाईंची बोटं आता झरझर चालत होती.

अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "स्टुलाचं काय सांगत होता?"

"ते अवांतर आहे, साहेब," धाकटा म्हणाला.

दुरुस्तीबाई खुर्ची मागे ढकलून उठली. "साहेब, तो असं बोलत नाही. जन्मात तो असं बोललेला नाही."

"तेच मी म्हणतो आहे, बाई," अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज आता थकलेला होता. त्यांनी टोपण काढून पेन उघडलं आणि समोरच्या कागदावर फार वेळ न लावता काहीतरी लिहिलं. मुकादमाने पहिल्यांदाच नखांवरून नजर वर केली. प्रशासनप्रमुख घड्याळाकडे पाहत होते.

बाहेर व्हरांड्यात दोन पोलीस शिपाई उभे होते. भावजयीला कोणीतरी बोलावून आणलं होतं; ती मुलीला खांद्यावर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती, आणि तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. धाकटा सभागृहातून बाहेर आला तो सरळ बहिणीकडे. त्याच्या कपाळावर घाम होता, पण चेहऱ्यावर असं तेज तिने कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या माणसांपुढे तो जन्मात पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलला होता.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "काही चुकलं का?"

तिने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. तिला हो म्हणायचं होतं, पहिल्यापासून सगळं चुकलं आणि ते मी चुकवलं, असं म्हणायचं होतं. पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "एकही चूक नव्हती."

तो हसला. शिपायाने पुढे येऊन त्याच्या दंडाला हात लावला आणि संपूर्ण नाव विचारलं, आणि त्याने ते स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट, स्पष्ट सांगितलं.